पगारातली पी. टी.

आमच्या नातवाला वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि पहिल्या पगाराची चिठ्ठी घेऊन तो माझ्यापुढे येऊन बसला. चिठ्ठी म्हणायची आपली जुनी सवय. ती होती मोबाईलवर. आमच्या वेळी पगार म्हणजे एक समारंभ असे. खजिनदारापुढे रांग लावायची, महसुली तिकिटावर आडवी सही ठोकायची, थुंकी लावून नोटा दोनदा मोजायच्या आणि दोन्ही वेळा त्या सारख्याच कमी वाटायच्या. हल्लीचा पगार मांजराच्या पावलांनी येतो आणि त्याच पावलांनी निघून जातो.

"आजोबा, हे पी. टी. काय आहे? दोनशे रुपये कापलेत."

"शाळेत तुला पी. टी.चा तास असायचा ना?"

"मी तो कायम बुडवायचो."

"मग बरोबर आहे. आता वसूल करतायत."

त्याला क्षणभर ते खरे वाटले. सरकार काहीही वसूल करू शकते, यावर या देशात सर्व पिढ्यांचे एकमत आहे. मग मी त्याला सांगितले की, बाबा रे, ही कवायतीची पी. टी. नव्हे. हा प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर. जो कमावतो त्याने कमावण्याबद्दल द्यायचा. आणि आत्ताच सांगून ठेवतो, फेब्रुवारीत दोनशेऐवजी तीनशे कापतील.

"फेब्रुवारीत जास्त का? उलट दिवस कमी असतात!"

"म्हणूनच. दिवस कमी, म्हणजे तुझा खर्च कमी. उरलेले शंभर सरकारला."

खरे कारण इतके रसाळ नाही. हा कर माणशी वर्षाला २,५०० रुपयांच्या वर घ्यायचा नाही, असे आपल्या राज्यघटनेतच लिहिले आहे. आधी ही मर्यादा २५० होती, १९८८ साली घटना दुरुस्त करून तिच्यावर एक शून्य चढवले. दोनशेप्रमाणे अकरा महिन्यांचे होतात बावीसशे. उरलेले तीनशे एका महिन्यावर टाकायचे, तर ते बिचाऱ्या फेब्रुवारीवर टाकले. अशक्त माणसाच्याच डोक्यावर ओझे द्यायचे, ही रीत कॅलेंडरातही आहे.

"ते ठीक आहे," नातू म्हणाला, "पण घेतात कशासाठी?"

या प्रश्नाने मात्र मी गप्प झालो. कारण उत्तर मला माहीत होते, आणि ते देण्यासाठी पन्नास वर्षे मागे जायला हवे होते. गुडघे दुखत असल्याने मी तो प्रवास बसूनच केला.

आमच्या गावाला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला आणि २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरला, सरकारी प्रयोगांचा अनुभव फार जुना आहे. गावाबाहेर चौदा-पंधरा किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला आहे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून तिथे हलवली. तांब्यापितळेची नाणी काढून ती चांदीच्या मोलाने चालवा, असा हुकूम काढणारा तोच. आणि गंगा-यमुनेच्या दुआबात करवाढ करून, त्यावर दुष्काळ पडला तरी वसुली चालू ठेवणाराही तोच. तेव्हापासून दुष्काळ आणि नवा कर ही जोडी आमच्या मनात नवरा-नवरीसारखी पक्की बसली आहे. एक आला की दुसरा पाठोपाठ येणार, असे आम्ही धरूनच चालतो.

१९७२ साली मी एका कचेरीत नवा कारकून होतो. नागेश्वरवाडीत दोन खोल्यांत मी आणि आई राहत होतो. गावाची वस्ती तेव्हा दीड लाखाच्या आसपास होती. गुलमंडीवर संध्याकाळी एक चक्कर टाकली की ओळखीचे निम्मे गाव भेटे, आणि उरलेल्या निम्म्याबद्दल बातमी मिळे. त्या वर्षी मात्र सगळ्यांकडे एकच बातमी होती: पाऊस नाही. आदल्या दोन वर्षीही त्याने हात आखडताच घेतला होता. तिसऱ्या वर्षी त्याने हातच खिशात घातला.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे आजही एक गोष्ट सांगतात. तो पाण्यापेक्षा अन्नाचा दुष्काळ होता. पुष्कळ ठिकाणी विहिरीच्या तळाशी पाणी होते, पण कणगीच्या तळाशी काही नव्हते. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळू लागली. ती अमेरिकेतून आली होती, आणि तिकडे ती जनावरांना घालतात असे सांगणारा एक जाणकार प्रत्येक रांगेत हटकून असे. तिची भाकरी थापताना चिरायची, भाजताना तुटायची आणि गिळताना अडायची. आई मुकाट्याने ती थापी आणि मी मुकाट्याने खाई. आमच्या घरात इतकी शांतता त्यापूर्वी कधी नव्हती.

साखर कार्डावर, रॉकेल रांगेत आणि डालडा नशिबात, असे ते दिवस. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे काढले. हजारो बायका हातात लाटणी घेऊन थाळ्या बडवीत रस्त्यावर आल्या. ती बातमी वाचून आमचे हेडक्लार्क म्हणाले, "लाटणं घरात असतं तेव्हा एकच माणूस घाबरतो. रस्त्यावर आलं की मंत्रिमंडळ घाबरतं."

सरकारही आपल्या परीने काटकसर शिकवत होते. त्या काळात अतिथी नियंत्रणाचा हुकूम असे. लग्नकार्यात किती माणसे जेवायला घालायची, याला सरकारी मर्यादा. माझे लग्न १९७३ सालच्या उन्हाळ्यात झाले. साखरेचे परमिट काढायला मी तीन चकरा मारल्या. मुलगी बघायला एकच मारली होती. सासऱ्यांनी मात्र अतिथी नियंत्रणाचे मनापासून स्वागत केले. "आम्हाला हौस फार होती हो, पण सरकारपुढे काय चालणार!" असे म्हणत त्यांनी माझ्या बाजूची निम्मी यादी कायदेशीररीत्या कापली. माझे एक मामा त्यानंतर तीन वर्षे माझ्याशी बोलले नाहीत. ते अजूनही सरकारचेच कृत्य समजतात.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी दिल्लीत बैलगाडीतून संसदेवर गेले. गुलमंडीवर या बातमीचे फार कौतुक झाले. एकाने विचारले, "पण त्यांना बैल कुठं मिळाले?" प्रश्न गंमतीचा नव्हता. आमच्या भागातले बैल तोवर कवडीमोलाने बाजारात गेले होते किंवा चाऱ्याच्या छावणीत जाऊन उभे राहिले होते.

लग्नाच्या आधी दोन महिने मला एक काम लागले, आणि ते सांगितल्याशिवाय पी. टी.ची गोष्ट कळणार नाही. कचेरीतल्या आम्हा पोरसवदा कारकुनांना पाळीपाळीने दुष्काळी कामांवर हजेरी तपासायला पाठवत. मस्टर काखेत मारून मी एका रस्त्याच्या कामावर उभा राहिलो. माझी कल्पना अशी, की मजूर म्हणजे मजुरासारखे दिसणारे लोक असतील. बघतो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर माणसेच माणसे बसलेली, आणि सगळ्यांच्या हातात हातोडी. खडी फोडण्याचा आवाज सारखा येत होता. बाभळीच्या फांदीला लुगड्याच्या झोळ्या बांधून त्यात पोरे टांगलेली. जरा मोठी पोरे सुकडीच्या वाटपाकडे डोळे लावून बसलेली.

मस्टरवर नावे वाचताना मी अडखळलो. एका बाईने पदर इतका खाली ओढला होता की चेहरा दिसेना. मी दोनदा नाव पुकारले. शेजारची बाई हळूच म्हणाली, "त्येंचं नाव मोठ्यानं घेऊ नका साहेब, पाटलाच्या घरातल्या हायेत." मी हजेरीची खूण केली आणि पुढची नावे खालच्या आवाजात वाचली. कारकुनाच्या नोकरीत सौजन्य दाखवायचे प्रसंग फार येत नाहीत. मला आठवणारा हा पहिला.

१९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. १९७१ च्या शिरगणतीप्रमाणे राज्याची लोकसंख्या होती पाच कोटी. म्हणजे लहानथोर सगळे धरून दर दहा माणसांतला एक जण त्या महिन्यात सरकारी खडी फोडत होता, नाहीतर माती उचलत होता. पुढे ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञाने या दुष्काळाचा अभ्यास केला. दुष्काळात धान्य संपण्याच्याही आधी काम संपते, आणि काम संपले की दुकानातले धान्यही घेता येत नाही. लोकांच्या हाती मजुरीचा पैसा पडला म्हणून धान्य त्यांच्यापर्यंत पोहोचले, आणि एवढे मोठे संकट येऊनही इथे पूर्वीसारखी प्रेतांची रास पडली नाही, असे त्या अभ्यासातून निघाले. मला हे सगळे फार उशिरा वाचायला मिळाले. तेव्हा मला एवढेच कळले होते की, माझ्या हातातल्या मस्टरवर खूण झाली की आठवड्याच्या शेवटी एक चूल पेटते.

१९७३ चा पाऊस बरा झाला आणि दुष्काळी कामे आवरती घेतली. ज्यांच्याकडे बी होते ते पेरणीला लागले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्यातले पुष्कळ जण शहराकडे आले. आमच्या गावाच्या कडेकडेने पाले पडू लागली. त्यांपैकीच एक बाई एका सकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि आमच्या सौभाग्यवतीने लग्नानंतरचा आपला पहिला मोठा निर्णय घेतला. बाई धुणीभांड्याला राहिल्या. आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो. वैजापूरकडच्या एका खेड्यात त्यांची तीन एकर कोरडवाहू जमीन होती, आणि त्या स्वतः सहा महिने खडीवर गेल्या होत्या. तळहाताला पडलेले घट्टे त्यांनी हिला दाखवले. आमची भांडी त्यांना फुलासारखी वाटत असावीत.

आता येते १९७४ साल. त्या वर्षी महागाई २५ टक्क्यांच्या घरात गेली. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला चार रुपयांत येणारी पिशवी वर्षाअखेर पाच रुपये मागू लागली, आणि पिशवीही लहान झाली की काय असा संशय येऊ लागला. मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला. जुलैत केंद्र सरकारने वटहुकूम काढला: नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा भत्ता हातात द्यायचा नाही, तो सक्तीच्या ठेवीत टाकायचा, पगारवाढ झाली तर ती सगळीच्या सगळी ठेवीत. कारण असे सांगितले की, लोकांच्या हातात पैसा आला तर ते तो खर्च करतात आणि त्याने महागाई वाढते.

हे कारण मी घरी समजावून सांगितले. ही म्हणाली, "म्हणजे महागाई आहे म्हणून भत्ता द्यायचा, आणि भत्ता दिला तर महागाई होते म्हणून द्यायचा नाही?"

"असंच काहीसं."

"मग बरोबरच आहे सरकारचं. तुमच्या हातात पैसे ठेवू नयेत हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं."

अशा रीतीने त्या दोन वर्षांत आमची बाजू घेणारे घरी कोणी नव्हते आणि दिल्लीतही नव्हते. ठेवीचे पैसे पुढे हप्त्याहप्त्याने व्याजासह परत मिळाले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण परत मिळेपर्यंत त्या पैशांत जे आले असते ते येईनासे झाले होते.

आणि अशा मनःस्थितीत आमच्यावर व्यवसाय कर आला. फेब्रुवारी १९७५ मध्ये वसंतराव नाईकांच्या जागी शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले होते. मराठवाड्याचा माणूस प्रथमच त्या खुर्चीवर बसला म्हणून आम्ही पेढे वाटले होते. त्यांना लोक हेडमास्तर म्हणत. हेडमास्तरांनी फी मागितली तर तक्रार कुणाकडे करायची? करही लागू झाला तो १ एप्रिलपासून. हेडक्लार्क म्हणाले, "तारीख तरी बघा!"

आमच्या कचेरीतला तो वाद मला अजून आठवतो. मधल्या सुट्टीत टेबलावर चहा आणि वर्तमानपत्र पसरलेले. हेडक्लार्कांचा पक्ष सरळ होता. "पाऊस पाडायचं खातं इंद्राचं. त्यानं काम केलं नाही. मग वसुली माझ्याकडून का? मी काय इंद्राचा जामीन आहे?" मग त्यांनी खिडकीतून दौलताबादच्या दिशेने हात केला. "तुघलक गेला, पण किल्ला ठेवून गेला."

दुसरा पक्ष आमच्या युनियनच्या तरुण सेक्रेटरीचा. त्याचे म्हणणे, गरिबांना काम द्यायलाच पाहिजे, पण पैसे मोठ्यांकडून घ्या. "पगारदाराकडून घेतात, कारण तो सापडतो. बाकीच्यांच्या मागे पळावं लागतं, आणि सरकारला पळायची सवय नाही." हे म्हणणे आजही मला खोडता येत नाही.

तिसरा पक्ष आमच्या आवक-जावक कारकुनाचा. तो शांतपणे म्हणायचा, "महिन्याला तुमची चहाची उधारी किती होते? त्याहून हा कर कमी आहे." यावर दोन्ही पक्ष एक होऊन त्याच्यावर तुटून पडत. चहाचा प्रश्न तत्त्वाचा होता.

हा कर कशासाठी होता, तर रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती, सांगली जिल्ह्यातले गांधीवादी गृहस्थ. खेड्यातल्या माणसाने काम मागितले तर ते देण्याची जबाबदारी सरकारची, हा विचार त्यांनी धरला होता आणि १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग सुरू झाला. १९७२ मध्ये राज्याने योजना जाहीर केली. तेवढ्यात दुष्काळच इतका मोठा आला की दुष्काळी कामांनी तिला झाकून टाकले. दुष्काळ ओसरल्यावर ती पुन्हा वर आली, आणि तिच्याबरोबर पैशाचा प्रश्नही आला. त्यासाठी व्यवसाय कर. शिवाय मोटारींवर, विक्रीकरावर, पाटाच्या पाण्याखालच्या जमिनींवर थोडे थोडे जादा. आणि करातून जेवढा रुपया येईल तेवढाच रुपया सरकारने आपल्या तिजोरीतून घालायचा.

"सरकारच्या तिजोरीतून म्हणजे कुणाच्या?" हेडक्लार्कांनी विचारले. "तोही रुपया आपलाच की!"

शहरांनी हा कर सहन करावा म्हणून जे युक्तिवाद झाले, त्यांत एक फार हिशेबी होता. खेड्यात काम मिळाले तर खेड्यातले लोक शहरात येणार नाहीत. झोपड्या वाढणार नाहीत. म्हणजे दया नसेल तर निदान सोय म्हणून द्या. आमच्या कचेरीत हा मुद्दा पुष्कळांना पटला. दयेपेक्षा सोय आम्हाला नेहमीच लवकर कळते. पण त्या सोयीचा दुसरा अर्थ कुणाच्या ध्यानात आला नाही. तो माझ्या घरात उघड झाला.

जूनअखेर आणीबाणी आली आणि कचेरीतला वाद एकदम थांबला. लोक चहा पिताना फक्त चहाच पिऊ लागले. कर मात्र न बोलता कापला जात होता. १९७६ च्या उन्हाळ्यात एक दिवस मावशी हिला म्हणाल्या, "वैनी, पुढच्या म्हयन्यापास्नं मी येत न्हाई. गावाकडं पाझर तलावाचं काम निघालंय. रोजगार हमीचं."

हिने पगार वाढवून द्यायची तयारी दाखवली. चहाबरोबर पोळीही द्यायचे कबूल केले. मावशी हसल्या, पण बधल्या नाहीत. त्या गेल्या आणि संध्याकाळी मी घरी आलो तर ही मोरीत पाट टाकून बसलेली, पुढ्यात भांड्यांचा डोंगर. माझ्याकडे न बघता तिने विचारले, "तो कर तुम्ही महिन्याच्या महिन्याला भरता ना?"

"भरतो म्हणजे, कापतात."

"म्हणजे मावशींना इथून नेण्याचे पैसे आपणच दिले!"

अर्थशास्त्रावरची पुष्कळ व्याख्याने मी सरस्वती भुवनच्या मैदानावर ऐकली आहेत. पण हमीच्या मजुरीचा शहरातल्या मोलकरणीच्या पगारावर काय परिणाम होतो, हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितले नव्हते. कचेरीत मी ही हकीगत सांगितली तेव्हा हेडक्लार्क हर्षभरित झाले. "सांगत नव्हतो मी? आधी पैसे नेले, आता माणसं नेतायत!"

पुढे दिवाळीच्या सुमारास मावशी बाजाराला आल्या होत्या, तेव्हा मुद्दाम घरी येऊन गेल्या. येताना पदरात बांधून शेंगा आणल्या होत्या. मी जरा खोचकपणेच विचारले, "काय मावशी, इथली सावली सोडून उन्हात माती उपसायला बरं वाटतं?"

"माती काय बरी असती व्हय, दादा? पाठ मोडती. पगार बी येळेवर मिळत न्हाई. दोन-दोन आठवडं थांबावं लागतं. मुकादम चौकडी मोजताना हात आखडतो. पर एक हाय."

"काय?"

"तितं काम मागितलं की द्यावं लागतं. न्हाई दिलं तर आमी पन्नास बायका तहसिलीत जाऊन बसतो. हितं तुमच्या दारात मी पयल्या दिशी आले, तवा वैनी न्हाई म्हनल्या असत्या तर मी कुनाच्या म्होरं जाऊन बसणार हुते?"

मी काही बोललो नाही. मला त्या रस्त्यावरचे मस्टर आठवले. १९७३ ची कामे सरकारने माणुसकीने काढली आणि पाऊस पडल्यावर माणुसकीनेच बंद केली. देणाराच्या मनात आले तेव्हा मिळाले, मनातून गेले तेव्हा थांबले. पदर ओढून बसलेल्या त्या बाईला लाज कष्टाची नव्हती. आपण कुणाच्या तरी मेहेरबानीवर बसलो आहोत याची होती. आणि मावशींच्या बोलण्यात लाजेचा मागमूस नव्हता. त्या मागत होत्या, पण मागणे आणि मागणी यांतला फरक त्यांना आमच्या कचेरीतल्या तिन्ही पक्षांपेक्षा चांगला कळला होता.

१९७७ मध्ये राज्याने त्याचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम. पंधरा दिवसांत काम देता आले नाही तर बेकारभत्ता, दिवसाला निदान एक रुपया. बाईला आणि पुरुषाला सारखी मजुरी. काम मागणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास बायकाच असत. एक रुपया ही काही मोठी रक्कम नव्हती. पण काम देता न आल्याबद्दल सरकारने नागरिकाला दंड भरायचा, ही कल्पना मोठी होती. पुढे २००५ साली केंद्राने साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तो आमच्याकडे पाहून.

योजना सोवळी होती असे कुणी समजू नये. खोटी मस्टरे झाली. मेलेल्या माणसांनी माती उपसली आणि अंगठेही उठवले. काही पाझर तलावांतून फक्त पैसा पाझरला. कित्येक वर्षी कर जमा झाला त्या मानाने कामांवर खर्च झाला नाही, आणि काम मागणारी माणसे मात्र रिकाम्या हाताने परत गेली. हेडक्लार्क असते तर म्हणाले असते, बघा! आणि त्यांचे खरेच होते. ज्याच्या पगारातून पैसे कापतात त्याने बघितलेच पाहिजे. आमची चूक एवढीच झाली की कापताना आम्ही फार आरडाओरडा केला आणि खर्च करताना बघायला कुणी गेलो नाही.

हे सगळे मी नातवाला सांगितले. त्याने ते मोबाईल बाजूला ठेवून ऐकले. याला आमच्या घरी सत्कार समजतात. मग तो म्हणाला, "आजोबा, ऑफिसात कुणालाच हे माहीत नाही. सगळ्यांना वाटतं, कंपनीच कापते."

त्यात नवल नाही. तुघलकाच्या नाण्यांची गोष्ट सातशे वर्षे शाळेच्या पुस्तकात टिकली, कारण ती फसली होती. दुष्काळात ज्यांचे हाल झाले त्यांच्याकडूनच ओरबाडण्याऐवजी, ज्यांच्या घरी चूल पेटत होती त्यांच्याकडून थोडे घेऊन न पेटलेल्या चुलीकडे पोहोचवायचे, ही गोष्ट थोडीफार जमली. म्हणून पन्नास वर्षांत विसरली गेली आणि पगाराच्या चिठ्ठीवर तिची दोन अक्षरे उरली.

"मग फेब्रुवारीत तीनशे कापले तर ओरडायचं नाही?" नातवाने विचारले.

"ओरडायचं. पण कुठं खर्च केले, हे विचारण्यासाठी ओरडायचं."

इतका वेळ स्वयंपाकघरातून काही आवाज नव्हता. म्हणजे सगळे ऐकले जात होते. ही हात पुसत बाहेर आली आणि नातवाला म्हणाली, "आजोबांनी कर भरला हे सांगितलं ना? मावशी गेल्यावर दीड वर्ष भांडी कोणी घासली, तेही विचार त्यांना. इतिहास सांगायचा तर पुरता सांगावा."

मी लगेच ते कबूल केले. लाटणे अजून घरातच आहे.